ताई हलते तेव्हा

"मावशी, हे नीट होतं का?" एवढाच मेसेज होता आणि खाली एक व्हिडिओ. नंबर अनोळखी. मैत्री तेव्हा चाकणच्या एका कंपनीच्या नव्या सुरक्षा-फिल्मच्या संकलनाला बसली होती. पडद्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस प्रेस मशीनकडे बोट दाखवून सांगत होता की मशीन चालू असताना हात आत घालायचा नाही, आणि त्याच्या दोन वाक्यांमधला श्वास ती कापत होती. तिने मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला, पुन्हा उचलला. मावशी हा शब्द ती स्वतः रोज वापरायची. लादी पुसायला येणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या फाटकाशी भाजी घेऊन बसणारीला. पण आपल्याला कुणी मावशी म्हणावं असं माणूस जगात एकच होतं, आणि मैत्रीने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

व्हिडिओ सुरू झाला. निळ्या आकाशावर गुलाबाच्या पाकळ्या, आणि गिरक्या घेत येणारी अक्षरं : रणजीत व्हिडिओ शूटिंग, पिंपरी. मग बुद्धरत्न आणि निशिगंधा यांचा मंगल परिणय. मग ताई. पांढरी साडी, गळ्यात शेवंतीचा हार, मागे टेबलावर मूर्ती, तसबीर आणि मेणबत्त्या. ताई स्थिर उभी होती तोवर अगदी स्वच्छ दिसत होती, कपाळावरचा घामसुद्धा. मग तिने मान वळवली आणि तिच्या चेहऱ्याचे आडवे तुकडे झाले, जणू कुणी कंगवा फिरवून चेहरा विंचरला होता. नाकाचे दात, डोळ्यांचे दात. मान थांबली, चेहरा पुन्हा जुळला. या सगळ्यावर एक सिनेमाचं गाणं चढवलेलं होतं, त्यामुळे कुणाचाच आवाज ऐकू येत नव्हता. मैत्रीला त्या तुकड्यांचं कारण पहिल्या सेकंदातच कळलं होतं, तिचा धंदाच तो होता. तरी ती काही न कळल्यासारखी बघत राहिली. तिने लिहिलं, "तू कोण?" आणि लिहितानाच तिला स्वतःची लाज वाटली. उत्तर आलं नाही, फोनच आला.

"मी अपेक्षा. निशिगंधाची."

"हो," मैत्री म्हणाली. "नंबर कुठून मिळाला?"

"कंपनीत. मी चाकणला ट्रेनी लागलेय. पहिल्या दिवशी आम्हाला सेफ्टीची फिल्म दाखवली. सगळी पोरं उठून चहाला गेली, मी बसून होते. शेवटी नाव आलं, संकलन मैत्री धोंडीबा ओव्हाळ. आजोबांचं नाव धोंडीबा होतं एवढं मला माहीत होतं. मग सुपरवायझरकडून नंबर काढला."

"पप्पांना माहितीय?"

"त्यांनीच सीडी काढून दिली. बोलले काही नाहीत." पलीकडे बसचा हॉर्न वाजला. तो संपेपर्यंत मुलगी थांबली. "मावशी, आई हलली की फाटते. मी लहानपणापासून थांबवून थांबवूनच बघते तिला. हलताना मी तिला कधी बघितलंच नाही."

मैत्रीने "बघते मी" असं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर पडद्यावरच्या हेल्मेटवाल्या माणसाकडे पाहत बसली. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. ती राहायची त्या इमारतीत दुपारी कसलाही आवाज नसायचा. लिफ्टमधली बाई इंग्रजीत मजला सांगायची तेवढाच. आई, म्हणजे भिमाबाई, जाऊन आता दोन वर्षं होत आली होती आणि त्यानंतर मैत्रीने नेहरूनगरची खोली सोडून इथे रावेतला घर घेतलं होतं. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं आणि ते तिला सोयीचं वाटलं होतं. ताईचं बोलायचं तर आता कुणाशी बोलणार? ताईला ओळखणारी माणसं एकेक करून गेली होती. राहिले होते ते बुद्धरत्न भाऊजी. पण ताई डेंग्यूने गेली तेव्हा मांडीवरच्या पोरीला कुणी वाढवायचं यावरून आई आणि ते असं काही बोलून बसले की परत तोंड दाखवायला जागा उरली नाही. भाऊजी पोरीला घेऊन नाशिकला गेले, तिकडे त्यांनी दुसरं लग्न केलं, आणि काही वर्षांनी चऱ्होलीत फ्लॅट घेऊन परत आले हे मैत्रीला कुणाकडून तरी उडत कळलं होतं. रावेतहून चऱ्होली ती लांब ती काय. पण शहराच्या एका टोकाचं माणूस दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षं न भेटता राहू शकतं, त्यासाठी काही करावं लागत नाही.

ताई मात्र तिच्याबरोबर होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कामावर कुणी वाकडं बोललं, घरी येऊन कुलूप उघडलं, की ती मनातल्या मनात ताईला सांगायची आणि ताई ऐकून घ्यायची. ही ताई शांत होती. हळू बोलायची, बहुतेक बोलायचीच नाही. उशाशी बसून केसांतून हात फिरवायची. मैत्री छत्तीस वर्षांची झाली तरी ही ताई तिच्यापेक्षा मोठीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी अपेक्षाने पूर्ण फाइल पाठवली आणि मैत्रीने ती उघडली. ते जुने कॅमेरे पूर्ण चित्र एका दमात घेत नसत. आधी एक, तीन, पाच अशा विषम ओळी बघायच्या, मग क्षणाच्या एका चिमटीनंतर दोन, चार, सहा अशा सम ओळी. जुना टीव्ही त्या तशाच एकापाठोपाठ दाखवायचा आणि डोळ्याला सगळं अखंड वाटायचं. आताचा पडदा दोन्ही अर्धी एकदम मांडतो. माणूस जागचं हललं नसेल तर दोन्ही अर्धी एकमेकांत नीट बसतात. हललं असेल तर एका अर्ध्यात ते इथे असतं, दुसऱ्यात थोडं पुढे, आणि कडेला ते दात दिसतात. असलं फुटेज मैत्रीकडे कायम यायचं. कंपन्यांच्या जुन्या उद्घाटनांचं, बक्षीस समारंभांचं. ती दोन्ही अर्धी सुटी करून द्यायची आणि त्यात तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण इथे अर्धी सुटी होईनात. सीडी बनवताना कुणीतरी चित्र दाबून लहान केलं होतं. सम ओळी विषम ओळींत मिसळून गेल्या होत्या, डाळ-तांदूळ शिजून एक व्हावेत तशा, आणि आता ते निवडता येण्यासारखं नव्हतं. तिने बरेच प्रयोग केले. ताईचे दात गेले तर तिच्या जागी धुकं येत होतं. एका खटपटीत ताईला चार हात फुटले. मैत्रीने मशीन बंद केलं आणि अपेक्षाला लिहायला घेतलं की होत नाही. लिहून झालं, पाठवलं मात्र नाही. त्याऐवजी तिने फाइल पहिल्यापासून लावली आणि त्या गिरक्या घेणाऱ्या अक्षरांवर थांबवली. खाली बारीक अक्षरांत दुकानाचा पत्ता होता.

दुकान त्या जागी राहिलं नव्हतं, पण शेजारच्या टेलरला रणजीत माहीत होता. तो आता मोशीत सीसीटीव्ही बसवून द्यायचा. शनिवारी सकाळी ती तिथे पोचली तेव्हा तो काउंटरमागे एका कॅमेऱ्याचा स्क्रू काढत बसला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिने सगळं सांगितलं. त्याने स्क्रू खाली ठेवला.

"नेहरूनगरचं लग्न? ताई, मी त्या काळात सीझनला रोज एक लग्न मारायचो. आता कुठलं आठवनार?"

"तुमच्याकडे मूळ टेप असेल का?"

"टेप कुठल्या ठेवतोय. कॅसेट नायतर सीडी करून दिली की त्याच टेपवर पुढचं लग्न. सगळीच पोरं तसं करायची." त्याने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला. "तुमच्या कोन त्या, नवरी?"

"बहीण. तिची मुलगी आहे आता मोठी. तिला बघायचंय."

"आनि बहीण?"

"नाही."

रणजीत उठला. मागच्या खोलीत गेला, बराच वेळ खुडबुड केली आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या टेपा घेऊन आला. "बायको टाकून दे म्हनती. टाकवत न्हाई. बुरशी असंल, आधीच सांगतो. पन एक हाय बघा," तो खोकं पुसत म्हणाला, "वरचं लग्न छोटं निघालं तर खालच्या लग्नाचं शेपूट ऱ्हातं. पुसायचं कोन? त्यातली एखादी निघाली तर निघाली."

त्याच्याकडे जुना कॅमेरा होता, त्याची ती जुनी केबलही. दोघं एकेक टेप शेवटाकडे पळवून बघायला लागली. अनोळखी नवरे, अनोळखी मांडव, जेवणाच्या पंगती, कुणाचा तरी वाढदिवस. मध्ये रणजीतने चहा मागवला. मैत्रीला हे सगळं बघताना कसंतरी होत होतं. ही माणसं आता कुठे असतील, त्यातली किती असतील, आणि त्यांची शेपटं इथे मोशीत बुटाच्या खोक्यात आहेत हे त्यांना माहीतही नसेल. बहुतेक खोकं उपसून झालं होतं. एका टेपवर तळेगावकडचं कुठलंसं लग्न होतं, त्यात नवरी गाडीत बसली, गाडी गेली, धूळ खाली बसली. मग निळा पडदा. रणजीतने हात पुढे केला तेवढ्यात निळा फाटला, काही वेळ नुसती खरखर झाली, आणि शेवंतीचा हार दिसला.

"थांबा," मैत्री म्हणाली.

ताई हार काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवत होती. मंगलगाथा होऊन गेल्या असाव्यात. जमिनीवर फुलांच्या पाकळ्या तुडवलेल्या होत्या. आणि गाणं नव्हतं. लोकांचा कालवा, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी रडणारं मूल. रणजीतने न सांगता पंखा बंद केला. मग त्या कालव्यातून एक आवाज आला, जाड, खणखणीत, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. "ओ दादा, तिकडं पोरं बसलीत ना पंगतीत, त्यांना कोण वाढणार? मोठ्यांचं नंतर बघा." मैत्रीला आधी वाटलं, ही मागे कोण बाई ओरडतेय. मग तिने पाहिलं की ताईचे ओठ हलताहेत.

टेप थोडीच होती. शेवटी कॅमेरा कुणीतरी चालू ठेवूनच टेबलावर आडवा ठेवला होता, त्यात खुर्चीचा पाय आणि सतरंजी एवढंच दिसत होतं, आणि तो आवाज दूर जात म्हणत होता, "मैतू कुठाय? मैतू जेवली का? अगं कुणीतरी बघा तिला." मग टेप संपली.

"मैतू कोन?" रणजीतने विचारलं.

मैत्रीने स्वतःकडे बोट केलं. रणजीतने फाइल काढून दिली, पैशाचं विचारलं तर हात झटकला, आणि दुकानाच्या दारापर्यंत येऊन नुसताच उभा राहिला.

घरी तिने फाइल मशीनवर घातली. आता ओळी मूळच्या होत्या, सुट्या होण्यासारख्या. घाईत तिने कुठलं अर्धं आधी आणि कुठलं नंतर हे न तपासता सुरुवात केली आणि ताई थरथरायला लागली. अर्धं पाऊल पुढे, पाव पाऊल मागे, पुन्हा पुढे. हार ठेवणारा हात, खांदे, हनुवटी, सगळं अंग थडथडत होतं. हे काय झालं ते मैत्रीला ठाऊक होतं, एक खूण बदलायची होती फक्त. पण तिचा हात उठेना. पिंपरीच्या त्या दवाखान्यात ताई अशीच हुडहुडत होती. अंगावर दोन ब्लँकेट, वर आईचं लुगडं, तरी पलंगाच्या सळ्या वाजत होत्या. अपेक्षा तेव्हा मैत्रीच्या कडेवर होती आणि नर्स सांगत होती की बाळाला इथे आणू नका. ताई दातांवर दात आपटत काहीतरी म्हणाली होती आणि ते मैत्रीला कळलं नव्हतं. काय म्हणालीस असं विचारायला ती वाकली तेवढ्यात नर्सने तिला बाहेर काढलं. कितीतरी वर्षं ती त्या न कळलेल्या वाक्याच्या जागी वेगवेगळी वाक्यं ठेवून बघत होती. सगळी हळू आवाजातली, सगळी तिच्यासाठीच. बाळाला सांभाळ. तू शिक. आईकडे बघ. आता तो खणखणीत आवाज ऐकल्यावर त्यातलं एकही वाक्य ताईच्या तोंडात बसेना.

तिने खूण बदलली. या कॅमेऱ्याचा क्रम उलटा होता, आधी सम ओळी, मग विषम. ताई थांबली, म्हणजे थरथर थांबली, आणि ती चालायला लागली.

पुढचं काम सोपं करता आलं असतं. अर्ध्या ओळी टाकून द्यायच्या, उरलेल्या ताणून घ्यायच्या. कंपन्यांसाठी ती तेच करायची आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पण तसं केलं असतं तर ताईची निम्मी हालचाल कचऱ्यात गेली असती. दोन्ही अर्धी एकमेकांत विरघळवली असती तर हाताला हाताची सावली आली असती. तिने तिसरा, वेळखाऊ रस्ता घेतला. प्रत्येक अर्धं वेगळं काढून त्याचं पूर्ण चित्र करायचं, मधल्या रिकाम्या ओळी वरच्या-खालच्या ओळी बघून मशीनने भरायच्या. रविवारभर आणि सोमवारी कामाच्या आधी ती तेवढंच करत होती. एका चौकटीत ताई थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. तो चेहरा मोठा करून बघताना मैत्रीच्या मनात आलं की यातली एक ओळ ताईची आहे, पुढची अंदाजाची, मग परत ताईची. अंदाज चांगला होता. कुठली कुठली ते तिलाही ओळखता येत नव्हतं. ती त्या चेहऱ्यापासून जरा मागे सरकून बसली.

पुढच्या रविवारी दुपारी अपेक्षा आली. उंच, काटक, खांद्याला कंपनीची सॅक; संध्याकाळच्या शिफ्टला जायचं होतं. दारात दोघी क्षणभर घोटाळल्या. मिठी मारायची की काय ते दोघींनाही ठरवता आलं नाही. मग मुलगीच वाकून पाया पडली आणि मैत्रीने तिच्या खांद्याला हात लावला. पोहे केले होते. तिने ते पटापट खाल्ले, ताटली स्वतःच धुऊन ठेवली, आणि मग मशीनसमोर बसून हात मांडीखाली दाबून ठेवले.

मैत्रीने फाइल लावली. ताईने हार काढला, खुर्चीवर ठेवला, कपाळ पुसलं, वळली, चालली. कुठेही न फाटता. पदर खोचला. वाढप्याला हाक मारली. पडद्याकडे न बघता मैत्री अपेक्षाकडे बघत होती. मुलीचा चेहरा जराही हलला नाही. कॅमेरा टेबलावर आडवा झाला, खुर्चीचा पाय दिसला, मैतूची चौकशी झाली, संपलं.

"शेवटचं काही दिसत नाही त्यात," मैत्री म्हणाली. "ते मी कापून देते."

"नको. राहू दे." मग ती म्हणाली, "किती लहान आहे गं ही."

"एकवीस."

"माझ्याएवढीच की." मग ती हसली की काय ते मैत्रीला कळलं नाही. "मावशी, घरी मला सारखं म्हणतात, हळू बोल, काय माणसं मेलीत का इथली. नाशिकची आजी म्हणायची, बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये. मी फोनवर तोंडावर हात धरून बोलते. पप्पा कधीच काही म्हणाले नाहीत. मी ओरडले की ते नुसते उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं, त्यांना राग येतो." तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "परत लाव. आणि आवाज वाढव."

मैत्रीने लावलं. त्या रिकाम्या घरात ताईचा आवाज भिंतींना लागून परत आला. मोठ्यांचं नंतर बघा. अपेक्षा आता रडत होती, तोंडावर हात न धरता. मैत्रीला वाटलं आपणही रडावं, पण तिला रडू येत नव्हतं. तिला पडद्यावरच्या त्या मुलीकडे बघताना एक विचित्र परकेपणा जाणवत होता. ही आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. हिच्या अंगात सगळा मांडव चालवायची घाई. ही उशाशी बसून कुणाचं मुकाट ऐकून घेणारी नव्हतीच कधी. मग इतकी वर्षं आपण बोलत होतो ती कोण होती? ती हळू आवाजाची ताई आता कुठून आणायची? अपेक्षाला आज तिची आई मिळत होती आणि त्याच खुर्चीशेजारी बसून मैत्रीच्या हातून काहीतरी सुटत होतं. आणि हे सांगावं असं माणूस, सवयीने, तिच्या मनात आलं तेही तीच सुटलेली ताई होती.

अपेक्षाने फाइल फोनवर घेतली, तोंड धुतलं, सॅक उचलली. "येते," म्हणाली. लिफ्टचं दार बंद झालं, आतली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मैत्री आत आली. सगळं होतं तसंच होतं, ताटली धुतलेली. ती गॅलरीत गेली. खाली अपेक्षा सोसायटीच्या रस्त्यावरून फाटकाकडे चालली होती, लांब ढांगा टाकत. थोड्या वेळाने ती वळणाआड गेली असती. पुन्हा कधी, हे दोघींनीही ठरवलं नव्हतं. मेसेज टाकता आला असता. फोन आत टेबलावर होता.

"अपेक्षा," मैत्रीने हाक मारली. पहिली हाक घशातच राहिली. दिवसचे दिवस कुणाशी न बोलणाऱ्या माणसाची ती हाक होती. तिने कठडा धरला आणि पोटातून ओरडली, "अपेक्षा, पुढच्या रविवारी ये गं. जेवायला ये."

समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदा सरकवला. खाली सायकलवरची पोरं थांबली. अपेक्षा वळली, डोळ्यांवर हात धरून नेमकी कुठली गॅलरी ते शोधू लागली, आणि सापडली तशी तिथून ओरडली, "येते." मग फाटकाबाहेर गेली.

इंटरकॉम वाजला तेव्हा मैत्री अजून गॅलरीतच होती. वॉचमन होता. "मॅडम, बी विंगमधून फोन आलाय. तुमच्या मजल्यावर कुणीतरी ओरडलं म्हणतात. काही प्रॉब्लेम?"

"नाही. मीच ओरडले."

"काय झालं मॅडम?"

"भाची आली होती," ती म्हणाली. "चालली होती, तिला हाक मारली." वॉचमन बरं म्हणाला. त्याने ठेवून दिल्यावरही ती रिसीव्हर कानाशी धरून काही वेळ तशीच उभी राहिली.